पिंपळे सौदागर ते पर्यावरण : एका अभ्यासविषयाची पूर्वकथा

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या महाविद्यालयांत, इतरत्र असतो तसाच, पर्यावरणाचा विषय पदवीच्या विद्यार्थ्यांस सक्तीचा आहे. आणि ज्या अध्यापकाचे तास त्या वर्षीं कमी भरतात त्याच्या गळ्यांत तो घालावयाचा, अशी वहिवाट पडून गेली आहे. आम्ही इतिहासाचे. एका वर्षीं आमचे तास कमी भरले व विषय आमच्याकडे आला. वर्षाअखेर प्रकल्पाच्या वह्या तपासावयास आल्या, तेव्हां शंभरावर वह्यांपैकीं निम्म्याहून अधिक वह्या ॲमेझॉनचें अरण्य, ध्रुवप्रदेशांतील बर्फ आणि ओझोनचा थर या तीन विषयांवर निघाल्या. त्यांतील एका वहींत अरण्याचीं रंगीत चित्रें मोठ्या सुबकपणें चिकटविलीं होतीं, नद्यांचीं नांवें लाल शाईनें लिहिलीं होतीं, आणि पहिल्या पानावर विद्यार्थ्याचा पत्ता होता : पिंपळे सौदागर, पुणें.

तें नांव वाचून आमचा हात क्षणभर थांबला. आदल्याच महिन्यांत ग्रंथालयांतील जीर्ण पुस्तकें रद्दींत काढण्याचें काम चाललें असतां एक जुनें इंग्रजी पुस्तक आमच्या हातीं लागलें होतें. १९१७ सालीं छापलेलें. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ. कर्ते पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन. त्याच्या नांवाचें मराठी करावयाचें तर ‘दख्खनच्या एका खेड्यांतील जमीन आणि श्रम’. तें खेडें म्हणजेच पिंपळे सौदागर. शंभर वर्षांपूर्वीं ज्या गांवाची माती, पाणी, पिकें, गुरें आणि कर्ज यांची मोजदाद विद्यापीठानें छापून काढली, त्या गांवांत राहणारा मुलगा त्याच विषयासाठीं दक्षिण अमेरिकेंतील अरण्य चिकटवून आणतो. आणि आम्हीही त्यास पंचवीसांपैकीं एकोणीस गुण देऊन मोकळे होतों, कारण अक्षर चांगलें होतें! त्या एकोणीस गुणांनीं आम्हांस पुढें बरेच दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. हा विषय आपल्या विद्यापीठांत कोठून आला, आणि येतां येतां वाटेंत त्याचें काय हरवलें, हें शोधण्याच्या नादास आम्ही लागलों. त्या शोधांत जें हातीं आलें तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. ‘पर्यावरण’ हा शब्द आमच्या आजोबांच्या तोंडीं नव्हता. ते ‘भोंवतालची परिस्थिति’ म्हणून वेळ निभावून नेत. परि म्हणजे सभोंवार, आणि आवरण म्हणजे वेढा. शब्द चांगला आहे, अर्थवाही आहे. परंतु वेढा म्हटला कीं मध्यें वेढलेला कोणी तरी असावयास पाहिजे. आजच्या पाठ्यक्रमांत वेढ्याचें वर्णन सविस्तर असतें. मधला मनुष्य मात्र शेवटाशेवटास ‘लोकसंख्या’ या नांवानें भेटतो, म्हणजे माणूस म्हणून भेटतच नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, आपल्या प्रांतांत या अभ्यासाचा आरंभ त्या मधल्या माणसापासून झाला होता. आणि पुढेंही ज्या ज्या वेळीं तो तेथून झाला त्या त्या वेळींच त्यांतून कांहीं निष्पन्न झालें.

मॅनसाहेब मूळचे रसायनशास्त्रज्ञ. १९०० सालीं चहाच्या मळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रज्ञ म्हणून ते कलकत्त्यास आले, आणि १९०७ मध्यें पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अशा मनुष्यानें मातीचे नमुने घेऊन नत्र आणि चुना किती तें सांगावें, आणि निवृत्त होऊन स्वदेशीं परत जावें, हें सरळ होतें. परंतु इंग्लंडांतील बेडफर्डशायर परगण्यांत रिजमाउंट नांवाच्या खेड्याची घरोघर पाहणी त्यांनीं पूर्वीं केली होती. तेथील कोणतें कुटुंब पोटापुरतें मिळवितें आणि कोणतें मिळवीत नाहीं, याचा हिशेब मांडला होता. ती संवय घेऊन ते पुण्याजवळच्या या खेड्यांत शिरले. बरोबर महाविद्यालयांतील सहकारी होते : सहस्रबुद्धे, कानिटकर, तांम्हणे व इतर. कोणी मातीचा जाणता, कोणी पाण्याचा, कोणी पिकांचा. प्रत्येकानें आपलें शास्त्र बरोबर आणलें; पण प्रश्न मात्र सर्वांनीं एकच घेतला : या गांवांतला माणूस या जमिनीवर जगूं शकतो काय?

उत्तर शोधण्यासाठीं त्यांनीं जुने कागद काढले. १७७१ सालीं या गांवीं सरासरी खातें ४० एकरांचें होतें. पेशवाई बुडाली त्या १८१८ सालीं तें साडेसतरा एकरांवर आलें. १८२० ते १८४० या काळांत १४ एकर. आणि १९१४-१५ सालीं अवघे ७ एकर. हे सात एकर तरी एके ठिकाणीं असावेत कीं नाहीं? १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती, आणि त्यांतील ४६३ तुकडे एका एकराहून लहान होते. चौकशी केलेल्या कुटुंबांपैकीं सुमारें दोन तृतीयांश कुटुंबें, शेतीचें आणि बाहेरच्या मजुरीचें उत्पन्न मिळून देखील, आपला संसार आहे त्या पायरीवर टिकवून धरण्यास असमर्थ ठरलीं.

आतां कोणी विचारील, यांत पर्यावरण कोठें आहे? आम्ही म्हणतों, सारें येथेंच आहे. दहा गुंठ्यांच्या तुकड्यांत विहीर कोण खणणार? विहीर नाहीं म्हणून बागाईत नाहीं. बागाईत नाहीं म्हणून हातांत रोकड नाहीं; रोकड नाहीं म्हणून जळाऊ लांकूड विकत घेतां येत नाहीं, आणि शेण खताऐवजीं चुलींत जातें. शेण चुलींत गेलें म्हणजे माती उपाशी राहते, आणि उपाशी मातींत पिकलेल्या जोंधळ्यावर सावकाराचें व्याज फिटत नाहीं. रसायनशास्त्रज्ञाच्या परीक्षानळींत जो नत्र कमी दिसतो, त्याचें कारण वारसाहक्काच्या वांटणींत आणि कर्जाच्या खातेवहींत सांपडतें. ही सांखळी एकट्या रसायनशास्त्रास दिसत नाहीं, एकट्या अर्थशास्त्रासही दिसत नाहीं. खेड्यांतल्या एका घराच्या ओट्यावर बसलें म्हणजे मात्र ती दिसूं लागते.

मॅन हे सरकारचे नोकर होते, आणि त्या काळच्या सरकारी नोकराच्या दृष्टीस ज्या मर्यादा पडावयाच्या त्या त्यांच्याही दृष्टीस पडल्या असतील, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु एका गांवावरून सर्व देशाविषयीं बोलण्याचा मोह त्यांनीं आवरला, हा गुण लहान नव्हे. पहिलें गांव पुण्याच्या जवळचें. म्हणून कानिटकरांस घेऊन त्यांनीं शिरूरच्या बाजूचें जातेगांव बुद्रुक हें कोरडवाहू गांव निवडलें, आणि १९२१ मध्यें दुसरा ग्रंथ काढला. ज्या गांवांत पाऊस चुकला कीं सर्वच चुकतें, तें गांव पाहिल्यानंतर कानिटकरांनीं कोरडवाहू शेतीच्या शास्त्रास आयुष्य वाहिलें, आणि १९४४ सालीं त्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मॅन यांनीं देखील वृद्धापकाळीं, १९५५ मध्यें, दख्खनचा पाऊस आणि दुष्काळ यांच्यावर पुस्तक लिहिलें. एका गांवाचा शोध माणसास जन्मभर पुरतो तो असा.

पुण्यास हें चाललें असतां मुंबईस दुसरा एक विलक्षण गृहस्थ येऊन दाखल झाला होता. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे. हक्सलेच्या हाताखालीं जीवशास्त्र शिकलेले, डंडी येथें वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. पण मन सारें शहरांत गुंतलेलें. १९१४ सालीं नगररचनेचें आपलें प्रदर्शन घेऊन ते हिंदुस्थानास निघाले. त्या वर्षींचें महायुद्ध पेटलेलें. एम्डेन या जर्मन लढाऊ जहाजानें प्रदर्शनाचें सामान असलेलें जहाज बुडविलें, आणि नकाशे, चित्रें, आराखडे सर्व समुद्रास मिळाले. गृहस्थ मोठा चिवट. इंग्लंडांतील मित्रांकरवीं नवें प्रदर्शन उभें केलें आणि मद्रासेस मांडलें. पुढें पांच-दहा वर्षें ते या देशांतील शहरें पायीं तुडवीत, आणि संस्थानिकांस व म्युनिसिपालट्यांस अहवाल लिहून देत हिंडले. १९१९ मध्यें मुंबई विद्यापीठानें समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचें आसन निर्माण केलें, तेव्हां त्यावर गेडिस यांस बसविलें. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक समाजशास्त्राच्या आसनावर! आज अशी नेमणूक झाली तर पात्रतेच्या निकषांवर पहिल्याच टेबलाशीं अडकेल.

गेडिस यांच्या विचाराचे धागे तीन : स्थळ, काम आणि लोक. तिन्ही एकदम पाहावयाचे. एक सोडून दुसरा पाहिला तर तो खोटा दिसतो. हें समजावण्यासाठीं ते डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत उतरत जाणाऱ्या खोऱ्याचें एक चित्र काढीत. वर खाणकरी आणि लांकूडतोड्या, त्यांच्या खालीं शिकारी, मग मेंढपाळ, मग हलक्या जमिनीचा गरीब शेतकरी, मग सखल प्रदेशांतला सधन शेतकरी, आणि शेवटीं किनाऱ्यावर कोळी. चित्र स्कॉटलंडच्या ओळखीवरून काढलेलें. पण आम्हांस तर तें पाहतांच आमचें कोंकण आठवतें. सह्याद्रीच्या माथ्यावर गवळी-धनगर, उतारावर कातकरी, वरकस जमिनींत नाचणी करणारा कुणबी, खालीं भातखाचरें, माडांच्या बागांत भंडारी, आणि खाडीच्या तोंडाशीं कोळी. भूगोल, वनस्पति, धंदा, जात आणि जेवण हीं पांचही एकाच उतारावरून खालीं येतात. आमच्या शाळांत मात्र तीं पांच वेगवेगळ्या तासांना शिकविलीं जातात.

त्यांच्या पद्धतीचा मासला पाहावयाचा तर इंदूरची हकीकत पाहावी. होळकरांच्या त्या राजधानींत प्लेग होता, घाण होती, आणि स्वच्छतेच्या हुकुमांस लोक दाद देत नव्हते. गेडिस यांनीं हुकूम काढला नाहीं. एका दिवाळीस मिरवणूक काढली. ज्या रस्त्यांवरचे लोक आपलीं घरें झाडून, डागडुजी करून अधिक चांगलीं ठेवतील, त्या रस्त्यांनीं ती जाणार होती. मिरवणुकींत राक्षसांच्या जोडीस प्लेगच्या उंदराचें अवाढव्य सोंग होतें. शहर झाडणारे लोक, ज्यांची सांवली इतर दिवशीं कोणी घेत नसे, ते शुभ्र कपडे घालून, फुलांचे हार घालून मानानें चालत होते. आणि घरोघर लावण्यास तुळशीचीं रोपें होतीं. हें सर्व घडवून आणणारा मनुष्य जंतुशास्त्र जाणत होता. पण जंतूंचा नाश करण्यासाठीं सणाचा, मानाचा आणि तुळशीचा उपयोग होतो हेंही तो जाणत होता. १९१८ सालीं इंदूरवरचा त्यांचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. गटारें आणि घरें यांच्या बरोबरीनें तेथें विद्यापीठ कसें असावें याचीही चर्चा त्यांत आहे; कारण त्यांच्या मतें शहर आणि विद्यापीठ हे दोन निराळे प्रश्न नव्हतेच.

दुर्दैवानें मुंबईस ते पांचच वर्षें राहिले. १९२४ मध्यें प्रकृति ढासळल्यामुळें त्यांनीं आसन सोडलें. त्यांच्या जागीं आले ते त्यांनींच निवडून विलायतेस पाठविलेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. त्यांची निवड झाली ती मुंबई शहरावरच्या एका निबंधामुळें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. घुर्ये यांची विद्वत्ता प्रचंड. त्यांच्या हाताखालून इरावतीबाई कर्वे, श्रीनिवास, अ. र. देसाई यांच्यासारखीं माणसें निघालीं, आणि या देशांतील समाजशास्त्राची इमारत त्यांनीं उभारली यांत शंका नाहीं. परंतु त्यांचा स्वतःचा ओढा संस्कृत ग्रंथ, जात आणि कुल यांकडे होता. गेडिस यांच्या तीन धाग्यांतील ‘लोक’ राहिले, ‘स्थळ’ मागें पडलें. तिकडे लखनौस राधाकमल मुखर्जी यांनीं नदी, जमीन आणि समाज एकत्र पाहण्याचा उद्योग चालविला, १९२६ मध्यें प्रादेशिक समाजशास्त्रावर ग्रंथ लिहिला. पण त्यांची वाट रुळली असें म्हणतां येत नाहीं. पुण्यास १९३० सालीं गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. धनंजयराव गाडगिळांच्या देखरेखीखालीं तिनें गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांची पाहणी केली, आणि १९४८ मध्यें पाटाच्या पाण्याचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ मोजून दाखविले. काम चोख, पण कालव्याच्या कांठची जमीन खारावते कशी, याचा विचार शेतकी खात्याचा, आणि पैशाचा विचार अर्थशास्त्राचा, अशी वांटणी एव्हांना झालेली होती. मॅनच्या पिंपळे सौदागरची जमीन जशी तुकड्यातुकड्यांनीं वांटली गेली, तशी मॅनची विद्याही वांटली गेली. प्रत्येक विभागास आपला तुकडा मिळाला, आणि विहीर खणण्याइतकी जागा कोणापाशींच उरली नाहीं.

या वांटणीची किंमत किती पडते तें कोयनेच्या खोऱ्यांत दिसलें. तेथें धरण बांधलें गेलें, १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पाणी साठूं लागलें, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे भूकंप झाला. सुमारें १८० माणसें दगावलीं. जलाशयामुळें जगांत जे भूकंप झाले त्यांत हा सर्वांत मोठा गणला जातो, आणि भूकंपशास्त्रज्ञांनीं त्याच्यावर लिहिलेल्या निबंधांनीं कपाटें भरलीं आहेत. त्याच सुमारास इरावतीबाई कर्वे आणि जाई निंबकर या कोयनेच्या विस्थापितांमागें गांवोगांव फिरत होत्या. त्यांचा अहवाल डेक्कन कॉलेजनें १९६९ मध्यें छापला. धरणाखालीं गेलेलीं गांवें कोठें कोठें नेऊन बसविलीं, कोणास जमीन मिळाली, कोणास मिळाली नाहीं, एका गांवचे भाऊबंद किती ठिकाणीं विखुरले, याचा तो शोध आहे. इरावतीबाई पुढच्याच वर्षीं वारल्या. ग्रंथालयांत पाहावें तर भूकंपाचीं पुस्तकें भूगर्भशास्त्राच्या खोलींत, आणि विस्थापितांचा अहवाल मानववंशशास्त्राच्या कपाटांत. खोरें एक, पाणी एक, काळ एक. पण एका खोलींतला वाचक दुसऱ्या खोलींत जात नाहीं. कोयनेच्या ज्या माणसाचें पहिलें घर पाण्याखालीं गेलें आणि दुसरें भूकंपांत पडलें, त्याचा अभ्यास कोणत्या खोलींत करावयाचा?

येथें आमचे कांहीं मित्र आमच्यावर एक आक्षेप घेतात, आणि तो विचार करण्याजोगा आहे. ते म्हणतात, ‘‘तुमचें सर्व लक्ष माणसावर. सृष्टीचा जो नाश झाला तो माणसानें स्वतःस मध्यें ठेवल्यामुळेंच. वाघाचें काय, माशांचें काय, डोंगराचें काय?’’ आम्हांस वाटतें, या आक्षेपांत दोन गोष्टींची गल्लत आहे. माणसाचा स्वार्थ मध्यें ठेवणें वेगळें, आणि अभ्यासांत माणूस मध्यें ठेवणें वेगळें. वैद्य रोग्यास मध्यें ठेवतो तो त्याचे लाड करण्यासाठीं नव्हे.

याचें उत्तम उत्तर पुन्हां आपल्याच प्रांतांत आहे. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनींतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि धनंजयरावांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतर सह्याद्रींतील देवरायांचा अभ्यास केला. सभोंवारचे डोंगर उघडे पडले असतां मूळच्या अरण्याचे तुकडे या रायांत शिल्लक होते, आणि शिल्लक राहिले होते ते तेथल्या देवतेच्या धाकानें. म्हणजे वनस्पतिशास्त्रज्ञास दुर्मिळ वृक्ष पाहावयाचा असेल तर गुरवास विचारल्यावांचून गत्यंतर नव्हतें. माधवराव शाळकरी वयांत इरावतीबाईंबरोबर क्षेत्रपाहणीस गेले होते. तो संस्कार पुढें अमेरिकेंतून जीवशास्त्राची पदवी आणल्यावरही पुसला गेला नाहीं. कैलास मल्होत्रा या मानववंशशास्त्रज्ञांबरोबर त्यांनीं पश्चिम महाराष्ट्रांतील फासेपारधी, नंदीवाले आणि वैदू यांचा अभ्यास केला, आणि १९८३ मध्यें प्रसिद्ध केला. एकाच माळरानावर फिरणाऱ्या या जमाती शिकारींत एकमेकींच्या वाटेस फारशा जात नसत. फासेपारधी फांस लावून हरणें आणि पांखरें धरीत. नंदीवाले कुत्रीं घेऊन रानडुकर, साळिंदर आणि घोरपड यांच्या मागें जात. वैदू सापळे लावून मुंगूस, रानमांजर अशीं जनावरें पकडीत. रान राखलें जात होतें तें असें, रूढीच्या वांटणीनें. या अभ्यासांत माणूस मध्यें आहे. पण म्हणून हरीण आणि घोरपड बाहेर पडलीं नाहींत, उलट तीं अधिक स्पष्ट दिसलीं. जातिव्यवस्थेच्या अन्यायाकडे अशा मांडणींत थोडें दुर्लक्ष होतें, असें आम्हांस वाटतें. ज्याच्या वांट्यास घोरपड आली त्यास ती वांटणी किती गोड लागली असेल, हा प्रश्न राहतोच.

आतां सक्तीच्या विषयाकडे येऊं. महेशचंद्र मेहता या वकिलांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २२ नोव्हेंबर १९९१ रोजीं निकाल दिला. चित्रपटगृहांतून पर्यावरणविषयक पाट्या फुकट दाखवाव्या, येथपासून तो विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करावा येथपर्यंत त्यांत सूचना होत्या. बारा वर्षें बहुतेक ठिकाणीं कांहीं हाललें नाहीं. मग १९०० चें शतक उलटल्यावर, २००३ च्या डिसेंबरांत, न्यायालयानें पुन्हां बजावलें, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानें सहा महिन्यांचा पाठ्यक्रम सर्व पदव्यांस लावला. तो करणारे मंडळाचे प्रमुख पुण्याचे डॉ. इराक भरूचा : धंद्यानें शस्त्रवैद्य, आवडीनें वनांचे व वन्य प्राण्यांचे अभ्यासक. गेडिस यांच्या जातीचाच हा मनुष्य म्हणावयाचा. कागदावर तो पाठ्यक्रम वाईट नव्हता. व्याख्यानें पन्नास, भाग आठ. पहिला भाग या विषयाच्या बहुशास्त्रीय स्वरूपाचा, त्यास व्याख्यानें दोन. आठवा भाग क्षेत्रपाहणीचा : आपल्या जवळची नदी, टेकडी, तळें, दूषित झालेली जागा प्रत्यक्ष पाहून लिहावी, त्यास पांच तास, आणि परीक्षेंत शंभरांपैकीं पंचवीस गुण.

ते पंचवीस गुण म्हणजेच आमच्या वह्या. पांच तासांत दोनशें मुलांस नदीवर कोण नेणार? बस कोण देणार? मुलगा पाण्यांत पडला तर जबाबदार कोण? असे प्रश्न सभेंत निघाले, आणि पाहणीची जागा चिकटविलेल्या चित्रांनीं घेतली. या प्रश्नांपैकीं दोन आम्हींच विचारले होते, हें येथें कबूल करणें भाग आहे. न्यायालय विषय सक्तीचा करूं शकतें. ओट्यावर जाऊन बसणें कोणी सक्तीचें करूं शकत नाहीं. पुढें २०२३ मध्यें आयोगानें नवा आराखडा आणला, श्रेयांकांचा हिशेब बदलला. पण ज्याचे तास कमी भरले त्यास विषय, हा आमच्याकडचा अलिखित नियम आमच्या माहितींत तरी बदललेला नाहीं.

तर त्या विद्यार्थ्यास आम्हीं बोलावून घेतलें. रद्दींतून वांचविलेलें पुस्तक त्याच्या पुढें ठेविलें आणि म्हटलें, ‘‘अरे, हें तुझ्या गांवावरचें पुस्तक आहे.’’ त्यानें पानें चाळलीं आणि जरा ओशाळून म्हणाला, ‘‘सर, माझं गांव तें नाहीं. आम्ही मराठवाड्यांतले. विहीर आटली, बाग जळाली, म्हणून बाबा इकडे आले. आतां दहाव्या मजल्यावर राहतों.’’ आम्ही गप्प झालों. वर्षभर आम्ही दुष्काळ, स्थलांतर आणि भूजल हे शब्द फळ्यावर लिहीत होतों, आणि ते तिन्ही शब्द तिसऱ्या बांकावर बसून ते उतरून घेत होते.

थोड्या वेळानें आम्हीं विचारलें, ‘‘तुमच्या इमारतीस पाणी कोठून येतें?’’ म्हणाला, ‘‘उन्हाळ्यांत टँकरनं.’’ ‘‘आणि टँकरमध्यें?’’ तें त्यास ठाऊक नव्हतें, आम्हांसही नव्हतें.

सुट्टींत तो पुस्तक घेऊन गेला. जूनमध्यें परत आला तेव्हां बरोबर दुसरी वही होती. गुण केव्हांच विद्यापीठाकडे रवाना झालेले. वही कोणी मागितलेली नव्हती. टँकरचालकाशीं ओळख करून तो त्याच्या शेजारीं बसून शहराबाहेरच्या एका विहिरीपर्यंत गेला होता, एकदां नव्हे, चार वेळां. विहिरीचा मालक पूर्वीं तिच्यावर ऊस करीत असे. आतां ऊस नाहीं, पाणीच विकतो, कारण पाण्याचा पैसा रोज मिळतो आणि उसाचा वर्षानें. शेजारच्या विहिरी खालीं गेल्या आहेत आणि त्यावरून भाऊबंदांत बोलणें बंद आहे. मुलानें मॅनच्या पुस्तकांतल्यासारखा तक्ता आंखला होता : विहिरीची खोली, पूर्वींचें पीक, आतांच्या खेपा, खेपेचा भाव, घरांतलीं माणसें. चित्र एकही नव्हतें. अक्षर घाईचें होतें. शेवटच्या रकान्यावर त्यानें ‘कर्ज’ असें लिहिलें होतें आणि त्याखालीं जागा कोरी सोडली होती; तेवढें तो मनुष्य सांगेना, आणि पुन्हां एकदां जाऊन पाहतों, असें तो म्हणत होता.